रायफलचा पुढचा टेकू: वाळूची पिशवी, बायपॉड की फ्रंट रेस्ट?

आयएसएसएफच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या, ५० मीटर रायफल टार्गेटवर दहाच्या वर्तुळाचा व्यास १०.४ मिमी असतो. टेबलावर बसून मारताना पुढचा टेकू आणि दस्त्याखालची पिशवी यांच्यात साधारण ६० सेंमी अंतर राहतं. आता हिशेब करा. पुढचा टेकू केसाच्या जाडीइतका, म्हणजे ०.०६ मिमी, खाली बसला तर ५० मीटरवर नेम ५ मिमी खाली उतरतो. बरोबर मध्यावर धरलेला नेम दहाच्या कडेवर जाऊन बसला, आणि डोळ्याला काही कळलंही नाही.

टेकू घट्ट हवा, असं सगळेच सांगतात. ते अर्धंच खरं आहे. गोळी सुटताना रायफल हलणारच. ती दर वेळी त्याच वाटेने हलावी आणि पुढच्या गोळीला त्याच जागी परत यावी, एवढंच टेकूचं काम. शिकंज्यात आवळल्यासारखी रायफल पकडणारा टेकू दिसायला भक्कम असतो, पण ग्रुप, म्हणजे कागदावरच्या छिद्रांचे झुबके, मोठे देतो. पिशवी, रायफलला जोडलेला दोन पायांचा बायपॉड, टेबलावरचा तीन पायांचा जड फ्रंट रेस्ट, काहीही घ्या, पारखायचं याच कसोटीवर.

टेकू कशासाठी हवा?

हे आधी ठरवलं नाही तर पैसे वाया जातात. कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ज्या ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात ब्राँझ जिंकलं, त्यात पुढचा टेकू मुळीच चालत नाही. प्रोनमध्ये, म्हणजे पोटावर झोपून मारताना, आधार असतो तो स्लिंगचा (रायफलच्या पट्ट्याचा) आणि डाव्या हाताचा, आणि तो हातही जमिनीशी ३० अंशांपेक्षा कमी कोनात आलेला चालत नाही. १० मीटर एअर रायफल तर उभ्यानेच. स्टँड चालतो तो पॅरा शूटिंगच्या एसएच२ गटात, म्हणजे ज्यांना हातांनी रायफलचं वजन पेलता येत नाही त्यांच्या गटात, तिथे स्प्रिंगवर बसवलेला आधार नियमातच आहे. तेव्हा आयएसएसएफची तयारी करणाऱ्याला टेकू लागतो तो झीरो करायला (साइट नेमाशी जुळवायला), पेलेटचा किंवा गोळ्यांचा कोणता बॅच आपल्या नळीला मानवतो ते बघायला आणि साइट सैल झाली आहे का हे तपासायला. त्याला शिवलेल्या दोन पिशव्या पुरतात. त्याने महागड्या रेस्टचा विचारच करू नये.

बेंचरेस्ट, म्हणजे टेबलावर रायफल टेकवून मारायचा खेळ, खेळणाऱ्यांची गोष्ट वेगळी. एअर रायफलने २५ मीटर, पॉइंट टू टूने (०.२२ इंची काडतुसाच्या रायफलने) ५० मीटर. तिथे टेकू हा अर्धा खेळ आहे.

इंटरनेटवर ट्रायपॉड आणि शूटिंग स्टिकबद्दल भरपूर सल्ले सापडतात. ते शिकाऱ्यांसाठी लिहिलेले असतात. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर तो विषय संपला. कागदावर छिद्रं पाडणाऱ्याने त्यात वेळ घालवू नये. पॉइंट टू टूला शस्त्र परवाना लागतो आणि ती रेंजवरच चालवायची, हे वेगळं सांगायला नको. एअर रायफल मळ्यात किंवा गच्चीत चालवणार असाल तर टेकूच्या आधी टार्गेटच्या मागे पेलेट अडवणारी पेटी आणि तिच्यामागे भक्कम भिंत बघा.

रायफल कोणती, त्यावर बरंच ठरतं

स्प्रिंगची एअर रायफल टेकूच्या बाबतीत सगळ्यात नाठाळ. घोडा दाबला की जड पिस्टन पुढे झेपावतो, त्यामुळे रायफल मागे येते. मग पिस्टन दाबलेल्या हवेवर आदळतो आणि रायफल पुढे उसळते. ही दोन्ही हिसके देणारी हालचाल होत असताना पेलेट अजून नळीतच असतं. म्हणजे त्या क्षणी रायफल कशावर आणि किती दाबाने टेकली आहे, याचा परिणाम थेट कागदावर उमटतो. बायपॉड लावला, टणक टेबलावर टेकवली, किंवा आवळून धरली, तर नेम सरकतो आणि ग्रुप फुटतो. उपाय साधा आहे. पुढच्या पिशवीवर उघडा तळहात ठेवा आणि तळहातावर रायफल, ट्रिगर गार्डच्या जरा पुढे, जिथे तिचा तोल साधतो तिथे. बोटं मिटायची नाहीत. देवळालीच्या तोफखान्यातली तोफ जशी आपल्या गाड्यावर मोकळी मागे सरकते, तसं रायफलला सरकू द्यायचं. या पद्धतीला आर्टिलरी होल्डच म्हणतात. तळहाताची जागा स्टॉकवर, म्हणजे रायफलच्या लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या अंगावर, चिकटपट्टी लावून ठरवून टाका. ती दोन सेंमी पुढेमागे झाली तरी नेम बदलतो. तेव्हा स्प्रिंगवाल्यांनी बायपॉडचा आणि फ्रंट रेस्टचा भाग वाचून सोडून द्यावा, खरेदी करू नये.

पीसीपीला, म्हणजे आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणाऱ्या एअर रायफलला, झटका जवळपास नसतोच. ती कोणत्याही टेकूवर बसते. एकच पथ्य: बऱ्याच पीसीपीत नळीखाली हवेचा सिलिंडर असतो आणि नळी त्याला बँडने जोडलेली असते. सिलिंडरवर रायफल टेकवली की तो दाब बँडमधून नळीपर्यंत पोचतो आणि नेम हलतो. टेकू लाकडाखाली किंवा त्याखालच्या धातूच्या पट्टीखाली (रेलखाली) आला पाहिजे.

पॉइंट टू टूचा झटका कमी, पण ४० ग्रेनची गोळी सबसॉनिक, म्हणजे आवाजापेक्षा कमी वेगाने, सेकंदाला ३२० ते ३३० मीटरने निघते, त्यामुळे ती नळीत बराच वेळ राहते. तेवढ्यात रायफल थोडी मागे सरकलेली असते. ते सरकणं एकसारखं हवं.

आणि एक नियम सगळ्यांना: नळी कधीही टेकवायची नाही. नळी गोळीबरोबर कंप पावते. तिला स्पर्श झाला की गोळी सहसा स्पर्शाच्या उलट दिशेला जाते. टेकू फोरएंडखाली, म्हणजे स्टॉकच्या नळीखालच्या पुढच्या भागाखाली, टोकापासून ५ ते ८ सेंमी आत.

टेबल आधी, टेकू नंतर

डुगडुगणाऱ्या टेबलावर उत्तम रेस्टसुद्धा वाया जातो, म्हणून खर्चाचा क्रम असा ठेवा: टेबल, मागची पिशवी, पुढची पिशवी, आणि पैसे उरले तर रेस्ट. मागच्या पिशवीला दुय्यम समजणारे चुकतात. वर केलेला ०.०६ मिमीचा हिशेब मागच्या टोकालाही तितकाच लागू आहे.

कायमची जागा असेल तर कडप्प्यासारखं स्वस्त आणि मस्त काही नाही. १२० × ७५ सेंमीची ३० मिमी जाडीची लादी ७० किलोच्या वर भरते, जागची हलत नाही. खाली भरीव सिमेंट ब्लॉकचे तीन खांब, चार नव्हे. तीन बिंदू कुठल्याही जमिनीवर न डुगडुगता बसतात. ब्लॉक नुसते एकावर एक रचू नका, सिमेंटच्या मालात बसवा. उंची ७५ सेंमीच्या आसपास, बसणाऱ्याच्या बांध्याप्रमाणे दोन-चार सेंमी कमीजास्त. स्टूल टेबलाला जोडलेलं नसावं, नाहीतर तुमच्या हृदयाचे ठोकेही क्रॉसहेअरवर, म्हणजे स्कोपमधल्या फुलीवर, दिसतात.

हलवायचं टेबल हवं असेल तर १८ मिमीचे दोन प्लाय एकमेकांना चिकटवून वरचा भाग करा आणि ४० मिमी चौकोनी पाइपचे तीन पाय बाहेर फाकवून लावा. पाइप पोकळ वाजत असेल तर वाळू भरून टोकं बंद करा. कंप बराच मरतो.

वाळूची पिशवी: इथे कंजुषी नको, घाईही नको

नव्वद टक्के लोकांना ही पुरते, आणि घरी होते, म्हणून तिच्यावर जास्त लिहितोय.

पुढच्या पिशवीचं माप २५ × १५ × १० सेंमी धरा. त्यात पावणेचार लिटर माल बसतो, कोरड्या वाळूचं वजन साडेपाच किलोच्या आसपास जातं. मागची १२ × १२ × १० सेंमी, दोन किलोच्या जरा वर. मागच्या पिशवीला वर दोन कान शिवायचे, मधल्या खाचेत दस्त्याची खालची कड बसते. कान दस्त्याला दोन्ही बाजूंनी सारखे लागले पाहिजेत.

कापड १००० डेनियरचं कॉर्ड्युरा मिळालं तर उत्तम, नाहीतर जाड कॅनव्हास. जीन्सचं कापड घेतलं तर दुहेरी घ्या. हे काम साध्या शिलाई मशीनवर नीट होत नाही. शाळेची दप्तरं किंवा गाडीची सीट कव्हरं शिवणाऱ्याकडे द्या आणि नायलॉनच्या दोऱ्याने दुहेरी टीप घालायला सांगा. आत पातळ कापडाची वेगळी पिशवी घालून वाळू तिच्यात भरा. बाहेरची फाटली तर वाळू टेबलावर सांडत नाही, आणि शिवणीतून बारीक धूळ झिरपत नाही. रायफल जिथे टेकते तिथे गुळगुळीत चामडं लावा.

आता वाळू. आपल्याकडे बांधकामावर हल्ली मिळते ती बहुतेक क्रश सँड, म्हणजे काळा दगड दळलेला. बेसॉल्ट जड असतो ही तिची जमेची बाजू, पण दाणे टोकदार असतात आणि पिठासारखी भुकटी फार. नदीची वाळू मिळाली तर दाणे गोलसर असतात आणि एकमेकांत बरे बसतात. दोन्हींपैकी कोणतीही घ्या, तयारी तीच. एक मिमीच्या चाळणीतून चाळायची. बादलीत पाणी घालून ढवळायची आणि गढूळ पाणी ओतून द्यायचं, पाणी स्वच्छ येईपर्यंत. मग उन्हात पसरून वाळवायची. पावसाळ्यात ऊन नसेल तर जुन्या कढईत थोडी थोडी करून भाजून घ्यायची. मुठीत दाबून सोडली की एकही गोळा राहता कामा नये. समुद्राची वाळू घेऊ नका, तिच्यातलं मीठ हवेतला दमटपणा ओढून घेतं. एवढी खटपट नको असेल तर मत्स्यालयाच्या दुकानात धुतलेली, एकसारख्या दाण्याची वाळू मिळते. सहा-आठ किलोला फार पैसे पडत नाहीत.

तांदूळ भरणारेही आहेत. एका दिवसाच्या कामाला ठीक. पण तो वाळूच्या निम्म्या वजनाचा, आणि पावसाळ्यात त्याला टोके लागतात. प्लॅस्टिकचे दाणे आणखी हलके. प्रवासात पिशवी खांद्यावर न्यायची असेल तरच ते घ्या, तेही मागच्या पिशवीत. पुढची पिशवी जडच हवी.

भरताना नरसाळं लावा. थोडं भरा, पिशवी टेबलावर आपटा, परत भरा. न आपटता भरलेली पिशवी पहिल्या पन्नास गोळ्यांत खाली बसते, आणि मग नेम का उतरतोय ते कळत नाही. पुढची पिशवी इतकी टणक हवी की अंगठ्याने जोरात दाबल्यावर तीन-चार मिमीच आत जावी. मागच्या पिशवीचे कान टणक, पण बूड थोडं मऊ ठेवा. बूड मुठीत आवळून उंचीचा शेवटचा बारीक फरक करायचा असतो. फार टणक भरली तर ती पिळता येत नाही, सैल भरली तर पिळलेली उंची गोळी सुटेपर्यंत टिकत नाही.

फोरएंडच्या रुंदीशी पिशवीची खाच जुळली पाहिजे. बेंचरेस्ट रायफलचा फोरएंड सपाट आणि ७६ मिमीपर्यंत रुंद असतो. साध्या स्पोर्टर स्टॉकचा ४० ते ५० मिमी आणि खालून गोल. रुंद खाचेत गोल फोरएंड घातला तर रायफल डावी-उजवीकडे कलंडते. अरुंद खाचेत कोंबला तर पिशवी दोन्ही बाजूंनी चावा घेते आणि रायफल एकदा मोकळी, एकदा अडकून सुटते. दोन्ही बाजूंना मिळून एक ते दोन मिमी फट असावी. गोल फोरएंडला खाच करायची सोपी युक्ती: नव्याने भरलेल्या पिशवीवर रायफल ठेवून वरून दाबा आणि पुढेमागे रेटा. तिचा साचा आपोआप पडतो. तो साचा मोडू नका, पिशवी दर वेळी त्याच बाजूने ठेवा.

बायपॉड

प्रोनमध्ये, किंवा जिथे टेबल नेता येत नाही तिथे, बायपॉड सोयीचा. टेबलावर मात्र चांगली पिशवी त्याच्यापेक्षा सरस ठरते. बायपॉड रायफलला घट्ट जोडलेला असतो, त्यामुळे झटक्याबरोबर तोही उडी मारतो आणि दर वेळी पाय थोडे वेगळ्या जागी पडतात.

उंची कमीत कमी घ्या. हॅरिसच्या एस-बीआरएमसारखा ६ ते ९ इंची बायपॉड प्रोनला आणि टेबलाला, दोन्हीकडे पुरतो. ९ ते १३ इंची घेतला तर पाय पूर्ण न उघडताही रायफल उंच बसते आणि मान अवघडते. पाय जितके लांब तितका डुलका जास्त, ते वरून हातानेही जाणवतं. पायांना खाचा असलेले घ्या, घर्षणाने अडकणारे पाय हळूहळू आत सरकतात. रायफल डावी-उजवीकडे कलवून सरळ करता येणारा, म्हणजे स्विव्हल असलेला घ्या, पण ते कलणं हाताने आवळून पक्कं करता आलं पाहिजे.

रायफल सरळ उभी राहणं फार महत्त्वाचं का, ते आकड्यात बघा. पॉइंट टू टूची गोळी ५० मीटर जाईपर्यंत नळीच्या रेषेपासून सुमारे साडेबारा सेंमी खाली येते. साइट ते भरून काढते, पण फक्त रायफल उभी असताना. रायफल ५ अंश कलली तर त्यातले ११ मिमी बाजूला जातात. म्हणजे दहातली गोळी नवात गेली आणि दोष वाऱ्याला! स्कोपवर छोटा स्पिरिट बबल लावा.

बायपॉड पकडतो तो स्लिंगच्या स्टडला (पट्टा अडकवायच्या खिळीला) किंवा रेलला. लाकडी स्टॉकमधला स्टड स्क्रूने नुसता अडकवलेला असतो. तो फिरतोय का बघा, आणि फिरत असेल तर आतून नट लावून घ्या. प्लॅस्टिकचा स्टॉक असेल तर आणखी एक तपासणी. रायफल बायपॉडवर ठेवा, नेहमीसारखा खांद्याने पुढे दाब द्या, आणि दुसऱ्याला नळी व फोरएंड यांच्या फटीतून दहाची नोट सरकवायला सांगा. नोट अडकली तर फोरएंड वाकून नळीला लागतोय. अशा रायफलला बायपॉड लावून उपयोग नाही, स्टॉक आतून खरवडावा लागेल किंवा पिशवी वापरावी.

पायांखाली काय आहे याकडे लोक लक्ष देत नाहीत. फरशीवर किंवा कडप्प्यावर रबराचे पाय घसरतात आणि उसळतात. जाड सतरंजी किंवा पायपुसणं टाकलं तरी फरक पडतो. खांद्याने पुढे किती दाब द्यायचा, यावर वाद घालणारे पुष्कळ सापडतील. पॉइंट टू टू आणि पीसीपीला अगदी थोडा पुरतो, पाय पुढे घसरायला लागण्याच्या आत थांबायचं. दर गोळीला तेवढाच.

विकत घेताना पाय पूर्ण उघडून बायपॉड टेबलावर ठेवा आणि माथा धरून चारी दिशांना हलवा. खटखट आवाज आला की ठेवून द्या. हुबेहूब दिसणाऱ्या स्वस्त नकलांमध्ये ढिलेपणा असतो तो पायाच्या बिजागरीत आणि स्विव्हलच्या पिनमध्ये, आणि तो आवळून जात नाही.

फ्रंट रेस्ट: विकत, की सातपूर-अंबडमधून करून?

फ्रंट रेस्ट म्हणजे तीन पायांचं जड बूड, उंची बदलणारा स्क्रू, आणि वर छोटी पिशवी व फोरएंडला अडवणारा स्टॉप. दोन जाती आहेत. एकीत उंचीला आणि डाव्या-उजव्या सरकण्याला वेगवेगळे स्क्रू. दुसरी कोएक्सियल, एकाच दांड्याने दोन्ही दिशा. इंडोनेशियाच्या सेबचे आणि अमेरिकेतल्या फार्लीचे रेस्ट या दुसऱ्या जातीचे. एकेका गोळीला वेगळं टार्गेट असलेल्या बेंचरेस्ट कार्डावर दांडा खरंच वेळ वाचवतो आणि वाऱ्याची झुळूक हातची जात नाही. एकाच ठिकाणी पाच गोळ्या मारून ग्रुप बघणाऱ्याला त्याचा काडीचा उपयोग नाही.

नाशिकमध्ये मात्र एक सोय आहे, जी बऱ्याच शहरांत नाही. सातपूर आणि अंबडच्या औद्योगिक वसाहतींत लेझर कटिंग आणि टर्निंगचं काम करणारे इतके आहेत की स्क्रूवाला रेस्ट ड्रॉइंग देऊन करून घेता येतो. बुडाला १२ मिमी एमएस (माइल्ड स्टील) प्लेट, ३०० × २५० मिमी. एवढीच सात किलो भरते. तिला एम१२ चे तीन पाय-स्क्रू, टोकं ६० अंशांत टर्न करून, वर लॉकनट. टोकांखाली ठेवायला पाच-पाच मिमीच्या चकत्या, नाहीतर टेबलाला खड्डे पडतात.

उंचीच्या स्क्रूवर मात्र विचार करा. एम१६ चा नेहमीचा आटा २ मिमी पिचचा, म्हणजे एका फेऱ्याला २ मिमी वरखाली होणारा. ६० सेंमीच्या अंतरावर एक फेरा फिरवला तर ५० मीटरवर नेम १६७ मिमी सरकतो, म्हणजे १ मिमी सरकवायला स्क्रू जेमतेम दोन अंश फिरवायचा. छोट्या चाकाने ते हाताला जमत नाही. एम१६ × १ चा बारीक आटा पाडून घ्या आणि चाक निदान १०० मिमी व्यासाचं ठेवा. दोन अंशांचे चार होतात, आणि मोठ्या चाकाच्या कडेवर ते साडेतीन मिमी भरतात. हे जमतं. बाकी बारीक काम मागच्या पिशवीला सोडा.

स्क्रूच्या शेजारी एक गाइड पिन हवीच, नाहीतर उंची बदलताना वरचा भाग फिरतो. पिन आणि भोक यांत ढिलेपणा नको. माल ताब्यात घेण्याआधी कारखान्यातच डायल (सूक्ष्म हालचाल मोजणारं यंत्र) लावून बघा: लॉक आवळल्यावर माथा बाजूला दाबून सोडला की काटा मूळ जागी यायला हवा. ०.०२ मिमीच्या वर फरक राहत असेल तर परत करायला लावा. आणि लॉक आवळतानाच माथा किती उचलला जातो तेही बघा. थोडा उचलला जातोच. तो दर वेळी तितकाच असला की चालतं.

प्लेट नुसती ठेवू नका. आपल्या पावसाळ्यात चार दिवसांत गंज धरते. पावडर कोटिंग करून घ्या, आट्यांना ग्रीस लावा, ऑइल नको. ऑइल ओघळतं आणि वरच्या पिशवीला लागतं.

मांडणी

टेकूची उंची बदलताना चेंबर रिकामं, बोल्ट उघडा आणि नळी टार्गेटच्या दिशेला. रेस्टशी खेळताना एक हात नकळत ट्रिगरकडे जातो, म्हणून हे दर वेळी.

रेस्ट किंवा पिशवी ठेवा, रायफल ठेवा, आणि मागची पिशवी अशी सरकवा की तिची खाच, पुढची खाच आणि टार्गेट एका रेषेत येतील. मग स्कोपमधून बघत रायफल हळू २० ते २५ मिमी मागे ओढा आणि परत पुढे ढकला. क्रॉसहेअर उभ्या रेषेत खालीवर झाला तर मांडणी बरोबर. तिरका सरकला तर मागची पिशवी थोडी डावी-उजवीकडे फिरवा. हे जमेपर्यंत एकही गोळी मारू नका. ग्रुप आडवा पसरण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच असतं.

स्लिंगचा स्टड पिशवीपासून निदान दोन सेंमी दूर ठेवा. मागे येताना तो पिशवीला धडकला की गोळी उंच जाते. नेमका कधी धडकेल, कधी नाही, म्हणून त्यावर संशयही येत नाही. खरं तर टेबलावर मारताना स्टड काढूनच ठेवावा. फोरएंडवर, टेकू येतो तिथे, चिकटपट्टीची खूण करा. रेस्टला स्टॉप असेल तर प्रत्येक गोळीआधी रायफल स्टॉपला हलकी टेकवायची आणि केसभर मागे घ्यायची.

चामड्यावर टाल्कम पावडर भुरभुरवा आणि फडक्याने पुसून घ्या. जुलै-ऑगस्टमध्ये चामडं दमट होऊन चिकटतं, तेव्हा दर वीस-पंचवीस गोळ्यांनी परत. चामड्याची पिशवी प्लॅस्टिकच्या थैलीत बंद करून ठेवू नका, बुरशी येते. कोरड्या फडताळात उघडी ठेवा.

ट्रिगर तपासायचा असेल तर ड्राय फायरची सोय असलेल्या पीसीपीवर तो दाबून क्रॉसहेअर हलतो का बघता येतं. स्प्रिंगची रायफल पेलेटशिवाय कधीही उडवू नका, पिस्टन सिलिंडरच्या तोंडावर आपटतो. पॉइंट टू टूतही नुसता ट्रिगर मारू नका. पिन चेंबरच्या कडेवर बसते. वापरलेलं काडतूस घालून मारा, आणि दर वेळी ते थोडं फिरवा.

दोन टेकूंची तुलना कशी करायची

तीन गोळ्यांचा एक ग्रुप बघून निर्णय घेऊ नका. तीन गोळ्या नशिबानेही जुळतात. एका टेकूवर पाच गोळ्यांचे पाच ग्रुप, मग दुसऱ्यावर पाच. त्याच डब्यातलं पेलेट किंवा त्याच बॅचच्या गोळ्या, त्याच दिवशी, शक्यतो सकाळी लवकर, वारा उठायच्या आत. टेकू आलटून पालटून वापरा, एकाचे पाचही ग्रुप सलग मारले तर तुमच्या थकव्याचा दोष दुसऱ्याच्या खात्यात जातो. पहिल्या दोन-तीन गोळ्या मोजू नका, तेवढ्यात पिशवी बसते. प्रत्येक ग्रुपमधल्या सगळ्यात लांबच्या दोन छिद्रांच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजा आणि पाचांची सरासरी काढा.

आकड्याइतकाच आकार बोलतो. उभी रांग आली तर आधी स्टड बघा, मग पुढची पिशवी सैल आहे का, मग गालाचा दाब. आडवी रांग: मांडणीची रेषा, रायफलचं कलणं, आणि वारा. एअर रायफलने बंद खोलीत १० मीटरवर आडवी रांग येत असेल तर वारा वगळा. दोन वेगळे झुबके पडत असतील, तीन इथे आणि दोन तिथे, तर रायफल दोन वेगळ्या जागी बसतेय: खाच फार रुंद आहे, नाहीतर नळी कुठेतरी लागतेय. परत दहाची नोट काढा. सगळीकडे सारखा गोल पसारा असेल तर टेकूला दोष देऊ नका. पेलेट बदलून बघा.

एका वेळी एकच गोष्ट बदला. पिशवीही नवी आणि गोळ्याही नव्या, असं केलं की ग्रुप लहान झाला तरी कशामुळे झाला हे कळत नाही. वहीत टेकू, फोरएंडवरच्या खुणेचं टोकापासूनचं अंतर, पिशवीची उंची आणि हवा लिहून ठेवा. पावसाळ्यानंतर पिशवीची उंची परत मोजा. वाळू दमट झाली असेल तर ती थोडी बदललेली असते, आणि वाळू काढून परत वाळवावी लागते.